सहा तातींचा बाजा

नवऱ्याचं नाव मी त्या काळी कधी घेतलं नाही आणि आता नवी सवय लावून घ्यायचं माझं वय राहिलं नाही. तेव्हा या सगळ्या हकिकतीत मी त्यांना 'हे' म्हणणार आहे. हे उंच होते, बोलायला गोड होते आणि डोक्याने जरा हललेले होते. म्हणजे एखादी गोष्ट एकदा मनात शिरली की ती तडीला जाईपर्यंत यांना अन्न गोड लागत नसे. मी सतरा वर्षांची होते, सासरी येऊन चार महिने झाले होते, आणि हा माणूस मला इतका आवडत होता की भाकरी थापताना आपलं आपणच हसू फुटे. सासूबाई विचारत, "काहून हासून राह्यली वं?" मी म्हणे, "काई नाई, धूर गेला डोयात." धुराने माणूस हसतं हे त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं असणार.

आमचं गाव कामरगावच्या जवळ. सकाळी गाडी जुंपली तर ऊन चढायच्या आत तिथल्या बाजाराला पोचावं, इतकंच अंतर. घरात माणसं चारच: सासरे, सासूबाई, हे आणि मी. कापूस, ज्वारी, तूर, दोन बैलजोड्या. खाऊनपिऊन सुखी होतो. अडचण एकच होती. वडीलधाऱ्यांसमोर नवराबायकोने एकमेकांशी बोलायचं नाही, ही तेव्हाची रीत. त्यामुळे उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत आमचं तोंड बंद. हे शेतातून आले की पाणी सासूबाई देणार, ताट सासूबाई वाढणार, आणि मी दाराआड उभी राहून यांची पाठ बघणार. खरं सांगायचं तर पहिले चार महिने यांच्या चेहऱ्यापेक्षा यांची पाठच माझ्या जास्त ओळखीची होती.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या एक-दोन वर्षं आधीची गोष्ट. कापसाच्या गाड्या घेऊन हे कारंज्याला जिनात, म्हणजे सरकी काढायच्या गिरणीत, गेले आणि तीन दिवसांनी परतले ते भलतंच काही डोक्यात घेऊन. सासरे ओट्यावर बसले होते. त्यांनी विचारलं, "कापूस उतरला काय?"

"उतरला. बाबा, टेसनावर एक मानूस पाह्यला. काया कोट घातलेला, गोव्याकडचा म्हनत होते त्याले. मांडीवर एक बाजा. इंग्रजी आठाच्या आकड्यावानी. त्याले सहा तारा."

"मी कापसाचं इचारलं."

"उतरला म्हनलं ना. तो मानूस नुसता असा हात फिरवे, वरून खाली, अन् सहाच्या सहा तारा एकदम बोलत."

असं म्हणून यांनी हवेतच तो बाजा वाजवून दाखवला. डावा हात लांब केला, उजवा हात पोटाजवळून झपकन फिरवला, डोळे मिटले. सासरे कपाळाला आठ्या घालून बघत राहिले. मी दाराआडून बघत होते आणि त्या हवेतल्या बाज्यावरच भाळले.

दुसऱ्याच दिवशी हे सुताराकडे जाऊन बसले. आमच्या सुताराने जन्मभर नांगर, वखर आणि चौकटी केलेल्या. इंग्रजी आठाच्या आकड्यासारखं लाकूड वाकवायचं म्हटल्यावर तो म्हणाला, "हे काम माह्यानं नाई होत बापा. चौकोनी चालते काय?" यांनी जरा विचार केला आणि चालते म्हणाले. मग घासलेटचा एक रिकामा डबा आणला, मोडक्या नांगराचं रुमणं तासून त्याची लांब दांडी डब्यात खुपसली, बाभळीच्या सहा खुंट्या ठोकल्या आणि कुंपणाची तार त्यावर ताणली. पाचव्या दिवशी हे तो बाजा तान्ह्या लेकरासारखा कुशीत घेऊन घरी आले. डब्यावरचं कंपनीचं चित्र तसंच होतं आणि आत थोडा वासही शिल्लक होता.

तारेचा बाजा काही टिकला नाही. एक हात फिरवला की तो असा किंचाळे की गोठ्यातले बैल दावी ताणत. दुसऱ्या दिवशी यांच्या बोटांना चिरा पडल्या आणि वखराची मूठ धरवेना. सासरे म्हणाले, "बैल बुजून राह्यले, मानूस लुळा होऊन राह्यला. कोन्या साह्यबानं सांगितलं होतं हे?" यांनी बोटांना हळद लावून घेतली आणि हिरमुसून बसले. मला फार वाईट वाटलं. पण मी बोलणार कुठून.

त्याच सुमारास पिंजारी चाचा गावात आले. त्यांचं कामरगावचं मुसलमान घराणं, पिढ्यान्‌पिढ्या कापूस पिंजणारं. घरोघरी कापूस आला आणि थंडी पडली की चाचा दरसाल येत. त्यांच्या खांद्यावर माणसाएवढी उंच धनुकली असे आणि तिला तात ताणलेली असे. तात म्हणजे मेंढीच्या आतड्याची पिळलेली दोरी. चाचांना कधी आरोळी द्यावी लागली नाही. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून ते तात एकदा छेडत. टंग्ग. एवढ्यावर घराघरातून बायका दबलेल्या गाद्या, उशा, दुलया ओढत बाहेर येत. लाकडी दस्त्याने तात हाणत चाचा दिवसभर कापूस उडवत, आणि संध्याकाळी गल्लीतली माणसं, कोंबड्या, सगळे पांढरे झालेले असत.

त्या वर्षी वरची गल्ली आटोपून चाचा शेजारच्या गावाला निघाले होते. आठ दिवसांनी आमच्या गल्लीसाठी परत येणार होते. हे त्यांच्यामागे धावत गेले. "चाचा, मले सहा ताती पाह्यजेत."

"सहा?" चाचा म्हणाले. "माहा सारा जनम एका तातीवर गेला. तू काय सहा धनुकल्या चालवनार हायेस बेटा?" पण माणूस मोठ्या मनाचा. पिशवीतून कोऱ्या सहा ताती काढून दिल्या आणि ताणायच्या कशा तेही करून दाखवलं.

आणि यांनी त्या हुबेहूब तशाच ताणल्या. चाचांची तात जशी टंग्ग म्हणे तशी पहिली म्हणेपर्यंत खुंटी पिळली, मग दुसरी, मग तिसरी, अशा सहाच्या सहा. यांना ताल होता, हौस होती, पण सूर नावाची वस्तू देवाने यांच्या कानात घातलीच नव्हती. मी मात्र माहेरी शिरपूरच्या बाजूला भजनाच्या घरात वाढलेली. माझे वडील तंबोऱ्यावर म्हणत, आणि आठ वर्षांची असल्यापासून खुंट्या पिळायचं काम माझ्याकडे. ते डोळे मिटून "उतर, अजून उतर, थांब" म्हणत आणि मी पिळत असे. त्यामुळे यांनी पहिल्यांदा हात फिरवला तेव्हाच मला कळलं. हा बाजा नव्हता, सहा धनुकल्या एकदम छेडल्या होत्या.

दिवेलागणीनंतर आमच्या खोलीत मी सांगून बघितलं. "सहाही ताती एकाच सुरात लावल्या तुमी. मंग सहा कायले, एकच पुरे होती."

यांना ते लागलं. "साह्यबाच्या बाज्यातलं तुले काय समजते?"

मी भिंतीकडे तोंड केलं. मी काही कमी तापट नाही. पण मग यांनी हळूच जे सांगितलं, त्यापुढे सूरबीर सगळं मी विसरून गेले.

"पाह्य," हे म्हणाले, "शेतातून आलो का ओट्यावर बसून एकडाव हात फिरवीन. म्हंजे मी आलो. दोनडाव फिरवला का समजायचं, मी इचारून राह्यलो, आतमंधी हायेस काय."

"अन् मी जबाब कसा देऊ?"

"तू नको देऊ. तू आयक नुसती."

दुसऱ्या दिवशी दुपार कलली तेव्हा मी ज्वारी निवडत बसले होते. ओट्यावरून आवाज आला. टंग्ग.  मग दोनदा, टंग्ग, टंग्ग. भरदिवसा, सासरे समोर बसलेले, सासूबाई चुलीजवळ, आणि माझा नवरा मला सगळ्यांदेखत विचारत होता की मी आत आहे का. मला इतका आनंद झाला की काय करावं सुचेना. उत्तर तर दिलंच पाहिजे. जवळ पितळेचा तांब्या होता, तो मी हातातून सोडून दिला. तो असा खणखणत गेला की सासूबाई दचकून उठल्या. "हाताले तूप लावलं काय वं?" त्यांनी विचारलं. मी मान खाली घातली आणि बाहेर हे खोकल्याचं निमित्त करून हसत होते. तांब्या काही रोज पाडता येत नाही, त्यामुळे पुढे मी नुसतीच ऐकत राहिले. पण तेवढ्यावर माझा सगळा दिवस तरंगत जाई.

आता या बाज्याचा आवाज गल्लीभर जातो आणि त्या गल्लीत राहणाऱ्या सगळ्या बायका चाचांची वाट बघून राहिल्या आहेत, हे आम्हां दोघांच्या ध्यानातच आलं नाही.

पहिल्या दिवशी तांब्याच्या गडबडीत मी बाहेर बघितलंच नाही. दुसऱ्या दिवशी यांनी हात फिरवला आणि थोड्या वेळाने अंगणात धपकन काहीतरी पडलं. मग आणखी एक. मी दाराशी गेले तर अंगणात पाच गाद्या, उशांचा ढीग, आणि त्यांच्यामागे धापा टाकणाऱ्या शेजारणी. एकीने विचारलं, "पिंजारी कुटी हाय?" हे डबा मांडीवर घेऊन बसलेले. त्यांनी कुणाकडे न बघता डब्यावर धोतराचा सोगा ओढला. एवढ्यात आमच्या मागच्या खोलीतून सासूबाई डोक्यावर गादी घेऊन बाहेर आल्या. "माही पह्यली लावा," त्या म्हणाल्या, "मी घरचीच हाओ." हे त्यांचं घर होतं, तो त्यांचा मुलगा होता, बाजा त्यांच्या डोळ्यांसमोर बनला होता, तरी त्यासुद्धा फसल्या.

बायका आधी चिडल्या, मग हसल्या, मग गाद्या उचलून गेल्या. एक म्हातारी मात्र हटून बसली. ती म्हणाली, "वाजवतंच हायेस तं तूच पिंजून दे बापा," आणि आपली गादी टाकून चालती झाली. सासरे शेतातून आले ते त्या गादीला अडखळूनच.

यांनी आवाज हळू करून बघितला, बाजा उशीखाली धरून वाजवून बघितला, काही उपयोग झाला नाही. कापसाच्या मुलखातल्या बाईला थंडीच्या दिवसांत ताणलेली तात ऐकू आली की तिचे हात आपोआप गादीकडे जातात. तिसऱ्या दिवशी तीन गाद्या आल्या, चौथ्या दिवशी एक. पाचव्या दिवशी कुणीच आलं नाही. आम्हाला वाटलं, चला, गाव शहाणं झालं. मी तर देवापुढे साखर ठेवली.

आठव्या दिवशी सकाळी चाचा आले.

मी चुलीपुढे भाकरी थापत होते. गल्लीच्या तोंडाशी त्यांची तात वाजली, टंग्ग. पूर्वी एवढ्यावर कड्या वाजायच्या, पोरं धावायची. आज काहीच नाही. चाचांनी पुन्हा छेडली. समोरच्या घरातून बाईचा आवाज आला, "वाजव बापा वाजव, आमी नाई फसत आता." चाचा तसेच पुढे आले. चार घरांपुढे थांबले, चार वेळा तात छेडली, एक दार उघडलं नाही. माझी भाकरी तव्यावर करपत होती आणि मला ते कळत होतं तरी उलथवत नव्हते.

शेवटी चाचा आमच्या ओट्याशी आले. सासरे आणि हे दोघेही तिथेच होते. चाचांनी धनुकली भिंतीला टेकवली आणि खाली बसले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, उलट उतरलाच होता. "मालक, तीस थंड्या झाल्या या गल्लीत येऊन. माहे अब्बा बी इथीच बसत. आज एकही दार उघडलं नाई. माह्याकून काई गलती झाली काय?"

हे उठून उभे राहिले आणि खरं ते सगळं सांगून टाकलं. बाजा, ताती, गाद्या. हुशार नसतील पण हे खोटं बोलणारे नव्हते. गल्लीचं काम म्हणजे चाचांची पुरी चार दिवसांची कमाई, आणि ती यांच्या हौसेपायी गेली होती. सासरे सगळं ऐकून घेत होते. कडक होते पण न्यायाने वागणारे होते, आणि दारात आलेल्या माणसाचं नुकसान त्यांना सहन होत नसे. त्यांनी आत आवाज दिला, "अवं, आयकते काय? याचं लाकूड चुलीत घाला अन् डबा दाने ठेवाले घ्या. आताच्या आता."

सासूबाईंनी बाजा आत आणला आणि माझ्या पुढ्यात ठेवला. चूल माझ्यापुढे पेटलेली, तेव्हा जाळणार कोण, तर मी. त्या म्हणाल्या, "घाल बाई," आणि तोंड वळवून पीठ चाळू लागल्या.

दिवसाउजेडी तो बाजा माझ्या हातात पहिल्यांदाच आला होता. रुमण्याची दांडी यांच्या हाताने गुळगुळीत झाली होती. मला रडू यायला हवं होतं, पण आला तो संताप. चार महिन्यांत दिवसाउजेडी यांच्याकडून माझ्याशी बोललेलं या घरात हे एकच काय ते होतं, आणि ते मीच जाळायचं. बरं, दोष बाज्याचा नव्हताच. दोष खुंट्या पिळणाऱ्याच्या कानाचा होता, आणि मी ते पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

मी पिठाचे हात पदराला पुसले, डबा मांडीवर घेतला आणि एक खुंटी उतरवली.

सासूबाईंची चाळणी थांबली. मी तिकडे बघितलंच नाही. पहिली तात उतरवून मंद्र षड्ज लावला, दुसरी तिला जुळवली. तिसरी पंचमावर घेतली. वडिलांचं "उतर, थांब" माझ्या कानात चालूच होतं. चौथीही पंचमात जुळली. पाचवी वरच्या षड्जाला न्यायला गेले तेव्हा खुंटी कुरकुरली आणि मी थांबले. कोरी जाड तात एवढी ताणली तर तुटणार. बारीक पाहिजे, आणि बारीक तात एकाच माणसाजवळ होती.

आता ओट्यावर सासरे बसलेले, आणि मी त्यांच्यापुढे आजवर तोंडातून शब्द काढलेला नाही. मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग छताकडे. अडवलं नाही. मी डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढला, दाराच्या चौकटीशी गेले आणि विचारलं, "चाचा, झिजलेल्या ताती हायेत काय? दोन पाह्यजेत."

ओट्यावर कुणी हललं नाही. यांची पाठ माझ्याकडे होती, ती ताठ झाली. सासरे जमिनीकडे बघत राहिले. चाचांनी मात्र लगेच पिशवीत हात घातला. दस्त्याचे घाव खाऊन तात महिन्याभरात झिजते, बारीक होते, मग ती पिंजायच्या कामाची राहत नाही. तसल्या दोन काढून त्यांनी उंबऱ्यावर ठेवल्या. "हे घे बहू. पन हे करून काय राह्यली तू?"

"सूर लावून राह्यली," मी म्हणाले आणि आत पळाले. 

दोन बारीक ताती बांधल्या, वर षड्जाला नेल्या. मग मी हात फिरवला, वरून खाली.

टंग्ग कुठेच नव्हतं. सहा ताती वेगवेगळ्या उठल्या आणि एकात एक मिसळून भरून राहिल्या. डबा अंगभर घुमला. माझ्या वडिलांचा तंबोरा घासलेट पिऊन आला असता तर असाच बोलला असता. सासूबाईंच्या हातून चाळणी पडली, आणि मला कुणी उठ म्हटलं नाही तरी मी बाजा घेऊन उठले आणि दारापाशी उभी राहिले.

सासऱ्यांनी डब्याकडे बघितलं. मग ते यांना म्हणाले, "गल्लीत जाऊन वाजव. एक जरी गादी बाह्यर आली तं मी सोता मोडीन."

हे माझ्या हातून बाजा घेऊन निघाले. सासरे मागून, चाचा धनुकली घेऊन त्यांच्यामागे, आणि सासूबाई मला दंडाला धरून दारात घेऊन आल्या, म्हणजे त्यांनाही बघायचं होतंच. गल्लीच्या मधोमध उभं राहून यांनी हात फिरवला. माझे डोळे समोरच्या दारांवर खिळलेले. एक कडी निघाली. दार उघडलं.  दारात बाई आली, तिच्या कडेवर लेकरू होतं आणि दुसरा हात रिकामा. पलीकडचं दार उघडलं. तिथेही रिकामे हात. ती गादीवाली म्हातारी आली, काठी टेकत, ओट्यावर बसली आणि म्हणाली, "थांबला काहून? वाजव ना." हे वाजवत गेले, गल्ली दारांत येत गेली, आणि एकीच्याही डोक्यावर गादी नव्हती.

मग सासऱ्यांनी चाचांकडे बघून मान हलवली. चाचांनी धनुकली उभी धरली आणि आपली तात छेडली. टंग्ग.

बायकांनी एकमेकींकडे बघितलं, आणि मग जी पळापळ झाली ती मी आजही आठवून हसते. सगळ्या एकदम आत पळाल्या, एकदम बाहेर आल्या, दोघी गाद्यांसकट एका दारात अडकल्या, उशा रस्त्यावर सांडल्या, आणि सासूबाई माझा दंड सोडून आमची गादी आणायला अशा धावल्या की त्यांचं गुडघ्याचं दुखणं त्या दिवसापासून कुणी खरं मानलं नाही. माझं हसू आवरेना. दारात उभी राहून मी मोठ्याने हसले आणि कुणी धुराचं विचारलं नाही.

चाचा आमच्याच ओसरीवर पिंजायला बसले. दुपारपर्यंत कापूस छपरापर्यंत उडत होता, सासऱ्यांच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. बाजा भिंतीला टेकवून ठेवलेला. हे ओट्याच्या कडेला, घराकडे पाठ करून, गाद्यांची टोकं उसवत बसले होते. जेवणं झाल्यावर सासरे पान लावता लावता सासूबाईंना म्हणाले, "सूनबाईले म्हना, सूर तिनं लावला, तं एकडाव तिनंच वाजवावा."

मी तीन हातांवर होते, तरी सासूबाईंनी तो निरोप शब्दन्‌शब्द मला सांगितला आणि बाजा माझ्या मांडीवर ठेवला.

वाजवणार काय. मला गाणं येत होतं, बाजा कुठे येत होता. समोर उडता कापूस आणि त्यातून दिसणारी यांची पाठ. तीच पाठ. मला एकदम कळलं काय वाजवायचं ते. मी एकदाच हात फिरवला. आले.

यांचे हात गादीवर थांबले. मागे वळून बघायची सोय नव्हती, सासरे समोरच होते. मी पुन्हा दोनदा हात फिरवला. आहात काय तिथे?

चाचांचा दस्ता, बायकांची बडबड, सगळं चालूच होतं. यांच्या बाजूला पाण्याचा तांब्या ठेवलेला होता. हे जागचे हलले नाहीत, मान वळवली नाही. नुसता हात लांब करून त्यांनी तो तांब्या ओट्यावरून ढकलून दिला. तो खणखणत तिन्ही पायऱ्या उतरला आणि अंगणात जाऊन गोल फिरत राहिला.

सासूबाईंनी तांब्याकडे बघितलं, यांच्या पाठीकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. "आता याच्याही हाताले तूप लागलं वाटते," त्या म्हणाल्या, आणि पदर तोंडाशी धरून तांब्या उचलायला स्वतःच उठल्या.